अनोळखी ग्रहावर दोघं, आणि टोकावड्याची शिदोरी

एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. अंतराळयान कोसळलंय. आजूबाजूला लालसर उजेड, पायाखाली कधी न पाहिलेली माती. यानातून दोघंच जिवंत बाहेर आलेत. एक मुलगा, एक मुलगी. वय सोळा. मदत यायला किती दिवस लागतील, येईल की नाही, काहीच ठाऊक नाही. दोघांची धड ओळखसुद्धा नाही. आता जगायचं कसं?

अशा गोष्टी तुम्ही वाचल्या असतील, सिनेमात पाहिल्या असतील. त्यातला नायक बहुतेक वेळा परदेशातला, नायिकाही तिथलीच. पण समजा, ती दोघं टोकावड्याची असली तर?

हसू नका! टोकावडं कुठं आहे, ठाऊक आहे ना? ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात. कल्याणहून निघालं की मुरबाड, मग सरळगाव, मग टोकावडं आणि पुढे माळशेज घाट. समोर सह्याद्रीची भिंत, आजूबाजूला भातखाचरं, जंगल आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. माझं म्हणणं असं, की अनोळखी ग्रहावर टिकून राहायची निम्मी शिदोरी या गावातल्या मुलांकडे आधीच आहे. कशी ते बघू. पण आधी ग्रह तर निवडायला हवा!

ग्रह कुठला घ्यायचा?

आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पहिल्यांदा सापडला १९९५ साली. मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ या दोघांनी तो शोधला आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा परक्या ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली.

त्यातल्या एका ग्रहाचं नाव आपल्याकडच्याच एका शाळकरी मुलानं सुचवलंय, बरं का! २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह यांना नाव द्यायची संधी दिली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचं नाव ठरलं ‘बिभा’. बिभा चौधुरी या शास्त्रज्ञ बाईंच्या आठवणीसाठी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. आणि ग्रहाचं नाव ‘संतमस’, म्हणजे दाट, झाकोळलेला. ते सुचवलं होतं पुण्यातल्या १३ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं.

पण आपल्या दोघांना संतमसवर उतरवायचं म्हटलं तर पंचाईत. तो आहे गुरूपेक्षाही जड वायूचा गोळा. पाय ठेवायला जमीनच नाही! ताऱ्याच्या इतका जवळ, की दोन दिवस आणि काही तासांत त्याचं वर्ष संपतं. तिथं गोष्ट पहिल्या ओळीतच संपेल.

मग घेऊ या प्रॉक्झिमा बी. हा २०१६ मध्ये सापडला. आपल्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचा हा ग्रह, ४.२४ प्रकाशवर्षांवर. वजनानं बहुधा पृथ्वीच्या आसपास. त्याची एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असावी. म्हणजे एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र आणि मधल्या पट्ट्यात कायमची सांजवेळ. ‘संध्याकाळी भेटू’ म्हणायची सोयच नाही! वर्ष फक्त ११ दिवसांचं. सोळा वर्षांच्या मुलीचे तिथल्या हिशेबानं पाचशेहून जास्त वाढदिवस झालेले असतील. आहे की नाही गंमत?

त्या ग्रहावर हवा आहे की नाही, हे अजून शास्त्रज्ञांना ठरवता आलेलं नाही. गोष्टीपुरतं आपण ‘आहे’ असं धरू. ती सूट लेखकाला मिळते. पण एकदा घेतलेली सूट पुढे नीट पाळायची, मधेच बदलायची नाही. विज्ञानकथेचा हा पहिला नियम.

हवा, पाणी, अन्न

आता टोकावड्याची शिदोरी सोडू या.

माणूस हवेशिवाय काही मिनिटं, पाण्याशिवाय साधारण तीन दिवस आणि अन्नाशिवाय काही आठवडे तग धरतो. म्हणजे कामाचा क्रम ठरला. हवेचं बघायला यंत्रच लागेल. आपल्या पृथ्वीवरसुद्धा पहिली सुमारे २०० कोटी वर्षं हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. तो पुढे सूक्ष्म जीवांनी तयार केला. तेव्हा ‘छान वारा सुटलाय, शिरस्त्राण काढू या’ असं तुमच्या नायकाला करू देऊ नका!

पण पाणी? इथं आपली नायिका हुशार. शहापूर-मुरबाडकडे पाऊस धो धो कोसळतो. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातलीच. तरीसुद्धा एप्रिल-मे आला की याच भागातल्या कितीतरी पाड्यांवर विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते, बायका-मुली डोक्यावर हंडे घेऊन लांबवर चालतात. ज्या मुलीनं हे केलंय, तिला पाणी मोजायला शिकवावं लागत नाही. भांडी विसळलेलं पाणी झाडाला जातं, हे ती घरातच शिकलेली असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तरी दुसरं काय करतात? अंतराळवीरांचा घाम, श्वासातली वाफ, लघवीसुद्धा गाळून शुद्ध करून पुन्हा प्यायला देतात. २०२३ मध्ये तिथं ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात यश आलं. यंत्रं मोठी, पण धडा हंड्याचाच: थेंब सांडायचा नाही.

तिला पाणी वापरायचं कळतं, हे खरं. पण धरणाच्या शेजारी राहून तिला इतकं चालावं का लागतं, हा प्रश्न मात्र विचाराच. तुमच्या गोष्टीतही तो येऊ द्या.

आता अन्न. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की या जंगलात शेवळं उगवतात. बाजारात जुड्या दिसतात. भाजी चविष्ट, पण नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की विचारू नका. कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात आणि खाज मरते. दोन्ही एकाच मोसमात मिळतात, विकणाऱ्या मावशी शेवळांबरोबर काकडंही ठेवतात. आता विचार करा, हे पहिल्यांदा शोधलं कुणी? किती जणांचे घसे खाजले असतील?

दुसरं उदाहरण कडूकंदाचं. नावाप्रमाणेच कडू. तसाच खाल्ला तर त्रास होतो. कातकरी-ठाकर घरांत त्याच्या चकत्या करतात, राख घालून उकडतात, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. कडवटपणा पाण्याबरोबर निघून जातो आणि पोटभर अन्न मिळतं.

आणि आता मंगळाकडे चला. २००८ साली ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माणसाला ते अपायकारक. तिथं बटाटे लावायचे तर आधी माती साफ करायला हवी. कशी? हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे माती धुणं हा एक मार्ग शास्त्रज्ञ सांगतात. कडूकंदाची युक्ती पुन्हा भेटली की नाही?

(एक ताकीद: हे वाचून जंगलातलं काहीही तोंडात घालू नका! जाणत्या माणसानं सांगितल्याशिवाय नाही.)

आणि प्रेम?

पालक मंडळी, हा शब्द वाचून आपल्या भुवया उंचावल्या असतील. जरा धीर धरा.

त्या ग्रहावर दोघांना एक फळ सापडलं. भूक लागलीय. फळ खायचं की विषारी आहे, ठाऊक नाही. दोघांनी एकदम खायचं नाही, हे उघड आहे. एकानं कणभर चाखायचं, दुसऱ्यानं थांबायचं, लक्ष ठेवायचं, वेळ पडली तर सांभाळायचं. मग चाखणार कोण? तो म्हणतो, ‘मी.’ ती म्हणते, ‘तू का? मला रानातलं जास्त कळतं.’ कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारी ही दोघं या एका गोष्टीवरून कडकडून भांडतात.

सांगा, प्रेमाची गोष्ट आणखी कशी सुरू व्हायला हवी? ना गाणं, ना गुलाबाचं फूल. समोरचा जगावा म्हणून आपण पुढे व्हायचं. आणि समोरच्याचं जास्त कळतं हे पटलं, तर गुमान मागे व्हायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड, विशेषतः मुलग्यांना!

विज्ञान यात आणखी पेच टाकू शकतं. समजा, त्यातला एक यान दुरुस्त करून मदत आणायला पृथ्वीकडे निघाला. यान प्रकाशाच्या वेगाच्या ८७ टक्के वेगानं जातं. (आजचं ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला १७ किलोमीटर जातं. त्या वेगानं एवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील!) जाऊन-येऊन ग्रहावर जवळजवळ १० वर्षं लोटतात, पण आइनस्टाइनच्या नियमानं यानात फक्त ५. निघताना दोघं सोळाची. परततो तेव्हा तो एकवीसचा, ती सव्वीसची. तिनं एकटीनं दहा पावसाळे काढलेत. ती त्याला ओळखेल? तिच्या डोळ्यांना तो पोरसवदा वाटेल? इथं विज्ञान आणि मन एकमेकांत गुंततात, आणि गोष्ट खरी रंगते.

तिसऱ्यासाठी लिहून ठेवा

टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाट चढतो. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राकडून आलेला माल या वाटेनं जुन्नरकडे जायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दानात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या फार जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. कोरून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळलं.

आपल्या ग्रहावरची ती दोघंही हेच करतील. ‘हे फळ चालतं. हे नको. ही पानं धुऊन घ्या.’ म्हणजे पुढे येणाऱ्या तिसऱ्याला जीव धोक्यात घालून चाखावं लागणार नाही.

पण काकडं किती घालायची, कडूकंद किती वेळ धुवायचा, कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही, हे आज कुठल्या दगडावर कोरलंय? ते आहे आजींच्या, मावशींच्या, रानात जाणाऱ्या माणसांच्या डोक्यात. कुणी विचारलंच नाही, तर त्यांच्याबरोबर जाईल. मग आपल्याच डोंगरात आपण परग्रहावर उतरल्यासारखे होऊ, प्रत्येक पान पुन्हा पहिल्यापासून चाखत!

म्हणून या सुटीत एक वही करा. आजीला, शेजारच्या काकूंना, शेवळं विकणाऱ्या मावशींना विचारा. सांगणाऱ्याचं नावही लिहा, कारण ती विद्या त्यांची आहे. पालकांनो, तुम्हीही मुलांबरोबर बसा. ऐकताना तुम्हालाही नवीन काही कळेल.

आणि त्या वहीच्या मागच्या पानापासून तुमची गोष्ट सुरू करा. नाव मोठं नाही म्हणून लाजू नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा लेखकाचं नाव लिहिलेलं होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर! आपल्या कीर्तीचा परिणाम निकालावर होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं. म्हणजे बघा, बक्षीस मिळालं ते गोष्टीला, नावाला नव्हे.

तुमच्या नायक-नायिकेची नावं तुम्हीच ठेवा. पत्ता मात्र आपल्याकडचाच असू द्या: मुक्काम पोस्ट टोकावडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, सध्या प्रॉक्झिमा बी.