मूलरोमांच्या पलीकडे

मुळाची आकृती काढा म्हटले की विद्यार्थी मूळटोपी काढतात, तिच्या थोडे वर मूलरोमांचा झुबका दाखवतात आणि एक बाण काढून 'पाणी व क्षार' असे लिहितात. गुण मिळतात. ओल्या टीपकागदावर उगवलेल्या मोहरीच्या रोपाला ही आकृती चपखल लागू पडते. जंगलातल्या सागाला किंवा सालाला मात्र ती पुरत नाही. का, ते पाहू या.

पहिली अडचण त्या एका बाणाची आहे. पानांतून बाष्पोत्सर्जन होते तसे पाणी खोडातून वर ओढले जाते, आणि ओल्या मातीतले पाणी मुळाकडे सरकू लागते. त्यात विरघळलेला नायट्रेटही त्याच्याबरोबर येतो. स्फुरदाचे तसे नाही. फॉस्फेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तर लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला जखडूनच ठेवतात. मुळाने आपल्या भोवतालच्या एक-दोन मिलिमीटरमधले फॉस्फेट शोषले, की ती जागा पुन्हा भरून यायला फार वेळ लागतो. थोडक्यात, पाणी झाडाकडे येते, पण स्फुरदाकडे झाडालाच जावे लागते.

जायचे कसे? मूलरोमांची लांबी जेमतेम मिलिमीटरभर. दर वेळी नवे मूळ वाढवणे खर्चाचे. हे काम झाडे बुरशीकडून करून घेतात. बुरशीचे तंतू मूलरोमांहूनही बारीक असतात, मातीच्या सूक्ष्म फटींत शिरतात आणि मुळापासून काही सेंटिमीटर दूरचे फॉस्फेट आणून देतात. मोबदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देते.

आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे कवकमूळ, हे नाव दिले. बीच, ओक अशा झाडांच्या बारीक मुळांवर त्याला बुरशीचे आवरणच आढळले. आवरण असलेल्या मुळांना मूलरोम जवळजवळ नसतातच! सागाच्या मुळांत बुरशी पेशींच्या आत शिरते. ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. सालाचे कवकमूळ फ्रांकने पाहिलेल्या प्रकारचे. बस्तरच्या बाजारात पावसाळ्याच्या सुरुवातीला 'बोडा' नावाची गोल अळंबी चढ्या भावाने विकली जाते. ती सालाखालीच सापडते, कारण ती सालाच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीचे फळ आहे.

ही सोबत नसेल तर काय होते, हे पोर्टो रिको बेटावर दिसले. तेथे मुळात पाइन नव्हते. 1930 च्या दशकापासून लावलेली रोपे पिवळी पडत आणि मरत. पाऊस भरपूर होता, म्हणजे पाण्याचा प्रश्न नव्हता. 1955 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनखालची माती आणून रोपांना दिली, आणि ती जोमाने वाढू लागली.

आपल्या शाळांतून दर पावसाळ्यात वृक्षारोपण होते. रोप जगले नाही तर आपण पाण्याला किंवा गुरांना दोष देतो. बरेचदा तो योग्यही असतो. पण उघड्या मुरमाड टेकडीवर मातीचा वरचा थरच वाहून गेलेला असेल, तर त्याबरोबर ही बुरशीही गेलेली असते, इकडे आमच्या मते फारसे लक्ष दिले जात नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच मातीला कुकरमध्ये वाफ द्या व ती थंड झाल्यावर सहा कुंड्यांत भरा. तीन कुंड्यांत जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळा. उरलेल्या तिघांत तीच माती, पण वाफवून. सगळ्यांत चिंचेचे बी लावा, पाणी सारखे द्या आणि दर पंधरवड्याला उंची मोजा. मोहरी मात्र घेऊ नका: तिच्या कुळातल्या बहुतेक वनस्पती बुरशीशी असे नाते जोडत नाहीत. आणि फरक दिसलाच, तर विद्यार्थ्यांना विचारा: त्या मुठीतून बुरशीखेरीज आणखी काय काय आले असेल?