नेम चुकतो, दोष कुणाचा?

कोल्हापूर म्हटले की तांबडी माती आणि कुस्तीचा आखाडा डोळ्यांपुढे येतो. पण याच कोल्हापूरने देशाला नामवंत नेमबाजही दिले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०२४ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले.

अशी नावे ऐकून आपल्या घरातील मुलगीही रेंजवर जायचा हट्ट धरते. आईवडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पहिले काही महिने गुण वाढतात आणि एक दिवस घसरू लागतात. मग घरात सुरू होते, ‘तुझे लक्षच नाही.’ मुलगी म्हणते, ‘रायफलच जुनी आहे.’ आजी म्हणते, ‘नजर लागली पोरीला.’ तिघींनीही पुरावा पाहिलेला नसतो. पुरावा असतो तो टार्गेटच्या कागदावर.

आधी हे काम किती बारीक आहे ते पाहा. ५० मीटरच्या टार्गेटवर १० गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण १ मीटर अंतर धरा. नळीचे टोक १ मिलिमीटर सरकले की गोळी ५ सेंटीमीटर दूर जाते. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही, ती शोधावी लागते.

कागद काय सांगतो?

एका गोळीवरून काही ठरवू नये. एकाच पोझिशनमध्ये १० गोळ्या मारा आणि भोकांचा ग्रुप पाहा.

ग्रुप घट्ट आहे, पण मध्यापासून दूर आहे, तर नेमबाज बरोबर आहे. फक्त मागची साइट फिरवायची. गोळी ज्या दिशेला न्यायची, त्याच दिशेला मागची साइट सरकवायची.

भोके वर-खाली एका रेषेत पडली, तर श्वास तपासा. श्वास घेताना छाती हलते आणि नळीही वर-खाली होते. प्रत्येक वेळी श्वास एकाच जागी थांबवायला हवा. ते ठीक असेल तर गोळ्यांचा वेग कमी-जास्त असू शकतो. हळू जाणारी गोळी खाली पडते.

भोके आडवी पसरली, तर वारा किंवा ट्रिगर. रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंड्यांकडे पाहायची सवय लावा. ट्रिगर सरळ मागे यावा, बोटाने बाजूला ढकलला जाऊ नये. रायफल उजवीकडे कलली तर गोळी उजवीकडे आणि थोडी खाली जाते, हेही ध्यानात ठेवा.

काल घट्ट असलेला ग्रुप आज अचानक चोहीकडे विखुरला, तर पहिला संशय रायफलवर घ्या. प्रशिक्षकांसमोर रायफल रिकामी आहे याची खात्री करून साइटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. ढिला स्क्रू आवळायला पैसे लागत नाहीत. नळीत शिसे आणि मेण साचले असेल तर ती साफ करावी. साफसफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या भटकतात, त्यांना घाबरू नये.

गोळ्यांचा लॉट बदलला का, तेही पाहा. एकाच कंपनीच्या दोन लॉटच्या गोळ्या त्याच रायफलमधून वेगळ्या पडू शकतात. रायफल आधारावर टेकवून दोन्ही लॉटच्या १०-१० गोळ्या वेगळ्या कागदांवर मारा. आधारावर ग्रुप घट्ट आला तर रायफल निर्दोष. मग नवीन रायफलसाठी कर्ज काढायचे कारण नाही.

आता उरले शरीर. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट सरकलेली दिसली तर हाताने रायफल ओढू नका. पाय किंवा कोपर हलवून सारे शरीरच वळवा. जोराने धरलेली रायफल गोळी सुटताना आपल्या जागी परत जाते.

एक नियम मात्र मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. साइट, गोळ्या आणि उभे राहणे एकाच दिवशी बदलले, तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

कुसाळे यांच्या अंतिम फेरीत, एकेका गोळीवर स्पर्धक बाद होत असताना, त्यांचे शेवटचे चार गुण होते १०.५, ९.४, ९.९ आणि १०.०. एकूण ४५१.४ आणि पदक. ऑलिंपिकमध्येही एखादी गोळी ९.४ वर जाते. ती एक गोळी असते, दोष नव्हे. तिच्यामागे धावून साइट फिरवणारा पुढच्या गोळ्याही घालवतो.

म्हणून आयाबहिणींनो, बंधूंनो, मुलगी रेंजवरून घरी आली की ‘किती गुण?’ एवढेच विचारू नका. ‘कागद दाखव, ग्रुप कसा आला?’ असे विचारा. मग कागदावर दोघे मिळून बोट ठेवा. ओरडा खायची वेळ आलीच, तर बऱ्याचदा ती ढिल्या स्क्रूवर येईल, लेकरावर नाही.