रस्त्यावर पडलेले झाड कोणाचे?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. त्या दिवशी वसई-विरार परिसरात झाडे उन्मळून पडली, विजेच्या तारा तुटल्या. दर पावसाळ्यातही असे दृश्य आपल्याला दिसते. सकाळी रस्त्यात एखादा गुलमोहर आडवा पडलेला असतो. थोड्याच वेळात कोणी कोयता आणतो, कोणी करवत आणतो. "रस्त्यावर पडले म्हणजे सगळ्यांचे!" असे म्हणून लोक लाकूड नेऊ लागतात. हे बरोबर आहे का?

विद्यार्थी मित्रांनो, झाड पडले म्हणून त्याचा मालक नाहीसा होत नाही. मालक शोधायचा असेल, तर झाडाचा शेंडा कोठे पडला हे पाहू नये. त्याची मुळे कोणाच्या जमिनीत होती, हे पाहावे.

समजा, एखाद्या वाडीतील आंब्याचे झाड कुंपण मोडून रस्त्यावर पडले. ते झाड वाडीच्या मालकाचेच राहते. झाड शहरातील सार्वजनिक रस्त्याच्या जागेत उभे असेल, तर ते महानगरपालिकेचे. कारण असे रस्ते कायद्याने तिच्याकडे असतात. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई तालुक्यातून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याची जागा केंद्र सरकारची आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात एक लक्षात ठेवण्याजोगा नियम आहे. सरकारी रस्त्याच्या कडेला सरकारी खर्चाने लावलेली आणि वाढवलेली झाडे सरकारची असतात. परंतु असे झाड वाळले किंवा वाऱ्याने पडले, तर ते ज्या जमिनीत वाढले त्या जमिनीच्या धारकाला त्याचे लाकूड मिळते.

दुसऱ्याचे लाकूड न विचारता नेले तर काय होते? उभे झाड जमिनीला जोडलेले असते, म्हणून ते जंगम वस्तू नसते. जंगम म्हणजे हलवता येणारी. उर्दूत तिला आपण 'मन्कूला' म्हणतो. झाड जमिनीपासून सुटले की ते जंगम होते. मग ते मालकाच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने नेणे ही चोरी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असे सांगितले आहे.

मग चुलीसाठी चार काटक्या वेचणाऱ्या गरीब बाईचे काय? तीही चोर ठरते का? त्याच संहितेत याचेही उत्तर आहे. ज्या किरकोळ नुकसानीबद्दल कोणताही समंजस माणूस तक्रार करणार नाही, त्या नुकसानीला कायदा गुन्हा मानत नाही. पण बुंध्याचे ओंडके टेम्पोत भरून वखारीत विकणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

झाड पडलेले दिसले, तर प्रथम त्यापासून दूर उभे राहा. त्यात विजेची तार अडकलेली असू शकते. मोठ्यांना सांगा, अग्निशमन दलाला १०१ या क्रमांकावर कळवा. लाकूड हवे असेल, तर मालकाला किंवा संबंधित कार्यालयाला विचारा. सार्वजनिक लाकूड विकून येणारा पैसा सर्व नागरिकांचा असतो. जे सगळ्यांचे आहे, ते आधी पोहोचणाऱ्या एकट्याचे होत नाही.