प्रवासात गॅस सिलिंडर नकोच
लग्नाला, जियारतीला जळगाव-धुळ्याहून गाडी निघते तेव्हा पातेल्यांसोबत गॅस सिलिंडरही चढतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या उभ्या रेल्वेडब्यात असाच नेलेला सिलिंडर आगीला कारण झाला. ९ जण दगावले.

हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की सीटखाली साचतो आणि एका काडीने भडकतो. परदेशातल्या फिरत्या घरांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो; पेट्रोल पंपावर त्याचीही ज्योत विझवावी लागते.

म्हणून जेवण घरूनच करून न्या, चहा थर्मासमध्ये. बाळाचे दूध बर्फाच्या पेटीत ठेवा. अम्मींचे इन्सुलिनही, पण बर्फाला न टेकवता. गॅसचा वास आलाच तर गाडी थांबवा, सगळ्यांना उतरवा आणि दूर जाऊन १९०६ वर फोन करा. उशीर झाला तरी चालेल, माणसे सुखरूप पोहोचली पाहिजेत.