कूपन वटतं कसं?

ऑनलाइन सवलत योजना चालवणारा एपीआय म्हणजे विक्रेत्याच्या संगणकाने सवलत देणाऱ्याच्या संगणकाला विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांची ठरलेली भाषा. हा कोड खरा आहे का, या गिऱ्हाइकाला चालतो का, किती रुपये कमी करायचे? पूर्वी हे सारे गल्ल्यावर बसलेला दुकानदार चेहरा पाहून ठरवी. मराठीत धनादेश वटतो तसेच कूपनही वटते. एपीआयचे काम त्या एका क्रियापदात मावते: कूपन वटवायचे, आणि एकदाच वटवायचे.

अशा योजनेचे एक उदाहरण म्हणजे बेंगळुरूची क्रेड. कुणाल शाह यांनी २०१८ मध्ये ही कंपनी काढली. क्रेडमध्ये क्रेडिट कार्डाचे बिल भरले की नाणी मिळतात, ती इतर कंपन्यांच्या सवलतींवर खर्चता येतात. शाह यांच्या आधीच्या फ्रीचार्ज या कंपनीत मोबाइल रिचार्जसोबत कूपने मिळत. अशा योजनांत सवलत देणारा एक, वाटणारा दुसरा आणि ती वापरणारा तिसराच असतो. तिघांचे हिशेब जुळवायला माणूस पुरत नाही, म्हणून एपीआय लागतो.

कूपन वटण्याचे टप्पे चार: तपासणे, राखून ठेवणे, वटवणे, परत घेणे. दुसरा टप्पा गाळण्याचा मोह होतो आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. शेवटचे एक कूपन उरले असताना दोघांनी एकाच क्षणी तपासले, तर दोघांनाही ‘चालेल’ असे उत्तर जाते. म्हणून पैसे भरेपर्यंत ते काही मिनिटे एकाच्या नावे राखायचे आणि व्यवहार अडला की मोकळे करायचे. दुसरा घोटाळा नेटवर्कचा. उत्तर पोहोचण्याआधी जोडणी तुटली की विक्रेत्याचा संगणक तीच मागणी पुन्हा पाठवतो. प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक असेल, तर एपीआय तो ओळखून आधीचेच उत्तर देतो. नसेल तर गिऱ्हाइकाची दोन कूपने खर्ची पडतात.

खरी कसोटी मात्र माल परत येतो तेव्हा लागते. २५०० रुपयांवरील खरेदीला ३०० रुपये सूट आहे आणि एकाने हजार-हजाराच्या तीन वस्तू घेतल्या. त्याने भरले २७००. एक वस्तू परत आली, तर द्यायचे किती? सूट तिन्हींवर सारखी वाटली तर ९००. उरलेली खरेदी २००० ची असल्याने सूटच रद्द धरली तर ७००. दोन्ही उत्तरे समर्थनीय आहेत, पण ती आधीच नियमात लिहिलेली हवीत. भांडण सुरू झाल्यावर नव्हे. रक्कमही पैशांत, पूर्णांकात ठेवतात. १०० रुपये तिघांत वाटले की एक पैसा उरतो आणि तो कोणाकडे गेला हे लेखापाल विचारतोच.

कोड सणाच्या नावाचा असला की लक्षात राहतो, तसा सहज ओळखताही येतो. सर्वांसाठीच्या सवलतीला तो पुरतो. व्यक्तिगत सवलतीला नाही. इंग्रजी अक्षरे आणि अंक यांतून शून्य आणि ओ, एक आणि आय ही फसवी चिन्हे वगळून उरलेल्या ३२ चिन्हांतून आठ अक्षरी कोड केले, तर सुमारे १ लाख १० हजार कोटी जुळण्या होतात. त्यांतले १० लाख वाटले, तरी अंदाजाने टाकलेला कोड लागण्याची शक्यता ११ लाखांत एक. तरीही एका ठिकाणाहून मिनिटाला किती प्रयत्न चालतील याला मर्यादा लागते.

वेळेचा सापळा साधा, पण हमखास अडकवणारा. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दिवाळीला मध्यरात्री उघडायची योजना वेळक्षेत्र न लिहिता नोंदवली, तर ती पहाटे साडेपाचला उघडते, तोवर अभ्यंगस्नानाची वेळ झालेली असते.

३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या निषिद्ध ठरवल्या. खोटी घाई हीही त्यांतली एक. त्यामुळे ‘फक्त दोन उरली’ हा आकडा एपीआयच्या खऱ्या शिलकीतूनच यायला हवा.

एपीआय खुला करताना आधी बनावट पैशांचे सराव-अंगण देतात, मग मोजक्या विक्रेत्यांना खऱ्या व्यवहारांच्या किल्ल्या (गुप्त प्रवेश-कोड), मग सर्वांना. योजनेला एकूण खर्चाची कमाल मर्यादा आणि ती क्षणात थांबवणारी कळ पहिल्या दिवसापासून असते. थांबवल्यावर राखीव कूपने मोकळी होतात आणि आधी वटलेल्यांचा हिशेब, माल परत करण्याची मुदत सरेपर्यंत, उघडाच राहतो.