पारा हाकलणारे जिवाणू

गुडघा फुटला की घरोघरी लावलं जाणारं लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, आठवत असेल. त्यात पारा असे, आणि तो घातलेला असे जिवाणू मारण्यासाठीच. पाऱ्याला गंधकाची ओढ फार. रसशास्त्रातली कज्जली या दोघांच्या खलातूनच होते. आपल्या प्रथिनांतही गंधक असतं. पाऱ्याचा आयन तिथे जाऊन घट्ट बसला की प्रथिनाचं काम थांबतं. जपानमधल्या मिनामाता इथे 1956 मध्ये नोंदल्या गेलेल्या आजारात हेच विष, मिथिल पाऱ्याच्या रूपात, कारखान्याच्या सांडपाण्यातून मासळीत आणि मासळीतून माणसांच्या मेंदूत पोचलं होतं.

अशा विषातही काही जिवाणू तग धरतात. त्यांची रीत मला विलक्षण वाटते, कारण ते विषाला बाहेर अडवत नाहीत, हाताला धरून घरात आणतात. पेशीच्या वेशीवर मर-पी नावाचं प्रथिन पाऱ्याचा आयन पकडतं आणि मर-टी त्याला आत नेतं. एका प्रथिनाच्या गंधकाकडून दुसऱ्याच्या गंधकाकडे तो सोपवला जातो, वाटेत मोकळा कुठेच सुटत नाही. आत मर-ए हे विकर त्याला दोन इलेक्ट्रॉन देतं आणि थर्मामीटरमध्ये असतो तसा धातुरूप पारा तयार होतो. हा पारा प्रथिनांना तसा चिकटत नाही. वाफ होऊन पेशीबाहेर निघून जातो. काहींजवळ मर-बीही असतं, ते मिथिल पाऱ्यातला कार्बनचा बंध तोडतं.

गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पारा सोसणाऱ्या सागरी जिवाणूंचा अभ्यास केला आहे. जर्मनीत तर क्लोरीनच्या कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी अशा जिवाणूंच्या टाकीतून सोडून पाहिलं. पारा थेंबाथेंबानं टाकीतच अडकला.

पण ही प्रथिनं घडवणारी जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात, आणि पुष्कळदा प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही त्यांच्याच शेजारी असतात. 1993 मध्ये संशोधक ॲन समर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या दातांत पाऱ्याची ‘चांदी’ भरली, तर त्यांच्या आतड्यांत पारा सोसणारे जिवाणू वाढले. त्यांतल्या अनेकांवर प्रतिजैविकंही चालत नव्हती. म्हणून पाण्यात पारा सोडला की आपण नकळत औषधांना न जुमानणारे जिवाणूही पोसतो, याची मला जास्त धास्ती वाटते.

शिवाय तेल खाणारे जिवाणू तेल संपवतात, तसा पारा संपत नाही. तो मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याला फक्त स्वतःपासून दूर हाकलतात; वाफ झालेला पारा हवेत जातो आणि कालांतरानं पावसाबरोबर परत येतो.

तेव्हा घरात थर्मामीटर फुटला तर पारा मोरीत ढकलू नका, केरसुणीनं पसरवू नका. खिडक्या उघडा, जाड कागदानं थेंब गोळा करा, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि धोकादायक कचरा म्हणून वेगळा द्या.