तासाचे भाडे

मानसोपचारात फीचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो. आपले दुःख ऐकून घेण्याचे हा माणूस पैसे लावतो, असे रुग्णाला वाटते आणि उपचारकालाही नेमके तेच टोचत असते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली, मनोविश्लेषणाची सुरुवात कशी करावी याविषयी लिहिताना, हा संकोच सरळ बाजूला ठेवला. सुसंस्कृत माणसे कामविषयाइतकाच पैशाबद्दलही आडपडदा ठेवतात. रुग्णाने पहिल्याबद्दल मोकळे बोलावे असे वाटत असेल, तर वैद्याने दुसऱ्याबद्दल मोकळे बोलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. फी तुंबू देऊ नये. दिवसातला एक तास रुग्णाच्या नावे भाड्याने दिलेला असतो. तो आला नाही तरी भाडे पडतेच.

नियम कठोर वाटतो, पण त्यामागचे गणित साधे आहे. इतर डॉक्टर दिवसभरात आणखी चार रुग्ण तपासू शकतो. विश्लेषकाकडे विकायला मोजके तास असतात. एक रुग्ण मोफत घेतला की कित्येक महिने कमाईच्या वेळेचा सातवा-आठवा हिस्सा गेला. मुंबईत तासावर खोली घेऊन बसणाऱ्या समुपदेशकाला हे वेगळे समजावावे लागणार नाही.

स्वतः फ्रॉइड यांनी सुमारे दहा वर्षे रोज एक, कधी दोन तास विनामूल्य दिले होते. त्यांचा निष्कर्ष असा, की फुकट उपचारांत उपकाराचे ओझे मध्ये येते, रुग्णाचा विरोध वाढतो आणि उपचार संपवण्याची निकडही उरत नाही. फी घेणाऱ्यालाच फी गुणकारी आढळावी, ही थोडी सोयीची गोष्ट आहे खरी. पण एक प्रकरण त्यांच्या बाजूने बोलते.

‘वुल्फ मॅन’ म्हणून प्रसिद्ध झालेला सेर्गेई पांकेयेव हा श्रीमंत रशियन जमीनदाराचा मुलगा. क्रांतीत सारे गमावून तो व्हिएन्नात परतला, तेव्हा फ्रॉइड यांनी त्याच्यावर मोफत उपचार केले, पुढे काही वर्षे त्याच्यासाठी वर्गणीही गोळा केली. मधल्या काळात घरचे काही दागिने त्याच्या हाती आले. मदत थांबेल या भीतीने त्याने ते फ्रॉइड यांच्यापासून लपवले. काहीही न लपवता बोलायचे, ही ज्या उपचाराची पहिली अट, तिथेच हे घडले. १९२६ साली तो रूथ मॅक ब्रन्सविक यांच्याकडे गेला, तेव्हा त्या उपचारांत हे उघड झाले.

मग गरिबाने काय करायचे? फ्रॉइड यांनी याचे उत्तर १९१८ सालीच बुडापेस्टच्या अधिवेशनात दिले होते: शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावर, आणि त्यासाठी मोफत संस्था हव्यात. हे १९१३च्या मताविरुद्ध वाटते, पण मला तसे वाटत नाही. फरक ऋण कोणाचे, यात आहे. एका माणसाच्या उपकाराऐवजी संस्थेची सेवा घेतली, तर मिंधेपण बरेच हलके होते.

१९२० साली बर्लिनमध्ये असे क्लिनिक सुरू झाले, १९२२मध्ये व्हिएन्नात. व्हिएन्नाच्या क्लिनिकला हृदयरोग विभागाची जागा उसनी घ्यावी लागली. तिथले डॉक्टर काम आटोपून गेले की विश्लेषण सुरू होई. बर्लिनमध्ये रुग्णाने आपल्याला परवडेल, किंवा परवडेल असे वाटेल, तेवढे द्यायचे. शिकाऊ विश्लेषकांचे तासही तिथे कामी येत.

तरीही तूट उरेच. ती मुख्यतः मॅक्स आयटिंगॉन भरत. त्यांच्या घराण्याचा फरचा मोठा व्यापार होता. जागतिक मंदीत तो कोसळला आणि क्लिनिकचा आधार डळमळला. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर आयटिंगॉन बर्लिन सोडून पॅलेस्टाइनला गेले.